दंतोपचारांचे भय आणि शामकोपचार : वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

दातदुखीचा रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातो, ही समजूत शहरापुरतीच खरी आहे. ग्रामीण भागात तो आधी लवंग दातात धरतो, मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी नेतो आणि गाल सुजला म्हणजे आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो. दंतवैद्याचे नाव काढताच मात्र तो म्हणतो, "वैद्यबुवा, तेवढं सोडून काहीही सांगा." या एका वाक्यामागे जे भय दडलेले असते, त्याची किंमत रुग्ण पुढे अनेक वर्षे मोजत राहतो. भरून वाचला असता असा दात काढावा लागतो. वेळीच काढला असता तर जो त्रास टळला असता, तो जबड्यात व मानेत पसरलेल्या पूयसंचयापर्यंत जातो. मधुमेही रुग्णात तर असा संचय प्राणावरही बेतू शकतो.

हे भय कमी करण्यासाठी आधुनिक दंतशास्त्रात शामकोपचार, म्हणजेच प्रचलित भाषेत सेडेशन, उपलब्ध आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्याची जुजबी माहिती असते. तथापि रुग्ण त्याविषयी प्रश्न विचारतो तो आपल्याला, आणि त्यासाठी लागणाऱ्या गोळ्या मागतो त्या औषधविक्रेत्याकडे. म्हणून श्रीपूर परिसरातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून या विषयाचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

भयाचे मूळ

दंतोपचारांच्या भयाची कारणे सर्वत्र सारखीच आढळतात. बालपणीचा वेदनादायक अनुभव, सुईची भीती, यंत्राचा आवाज, तोंड उघडे ठेवून पडून राहण्यातील असहायता आणि घरातील थोरांनी सांगितलेल्या कथा ही त्यांतील प्रमुख होत. आपल्याकडे याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते वैद्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. "वरचा दात काढला की डोळा जातो," हा समज खेड्यापाड्यांत आजही दृढ आहे.

हा समज निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बाविसाव्या अध्यायात दंतनाडीच्या चिकित्सेच्या प्रसंगी वरचा दात काढू नये, तो हलत असला तरी काढू नये, असे सांगितले आहे. तसे केल्यास अतिरक्तस्राव होऊन काणत्व, अर्दित इत्यादी उपद्रव होतात, असे कारणही तेथे दिले आहे. रक्तस्राव आटोक्यात आणण्याची साधने मर्यादित होती आणि पूयजन्य संसर्गावर आजच्यासारखी औषधे नव्हती, त्या काळी हा निषेध चिकित्सकाच्या अनुभवातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे. वरच्या जबड्यातील संसर्ग चेहऱ्याच्या शिरांमार्गे नेत्रकोटराकडे व क्वचित मस्तिष्काकडे पसरू शकतो, हे आधुनिक शारीरशास्त्रासही मान्य आहे. दात योग्य रीतीने काढल्यामुळे मात्र दृष्टी जात नाही. दंतमूल आणि दृष्टिनाडी यांचा तसा थेट संबंध नाही. उलट सडका दात तसाच ठेवला तर त्यातील संसर्गापासूनच डोळ्याला धोका संभवतो.

ही गोष्ट दंतवैद्याने सांगितली तर रुग्ण ऐकून घेतो. तीच वैद्याने ग्रंथाचा संदर्भ देऊन सांगितली तर त्याला पटते. आपल्या शास्त्राच्या नावावर जी भीती समाजात रुजली, ती दूर करण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि म्हणून ती जबाबदारीही आपलीच ठरते.

शास्त्राधार

रुग्णाचे मनोबल पाहून उपचार ठरवावा, हा विचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्षेमध्ये सत्त्वपरीक्षा सांगितली असून प्रवर, मध्यम व अवर असे सत्त्वाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. अवरसत्त्व पुरुष शरीराने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही सहन करू शकत नाही, हे तेथील निरीक्षण दंतवैद्याच्या खुर्चीपाशी रोज प्रत्ययास येते. रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान देणारे चरकाचार्य सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा मानतात, हेही येथे स्मरावे.

शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाची संवेदना मंद करण्याचा विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात येतो. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास इष्ट भोजन द्यावे आणि मद्याची सवय असलेल्या, वेदना न सोसणाऱ्या रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे अन्नामुळे तो मूर्च्छित होत नाही व मदामुळे त्याला शस्त्र जाणवत नाही, असा त्याचा आशय आहे. परंतु त्याच सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग यांचे शस्त्रकर्म रुग्ण उपाशी असतानाच करावे, असा अपवाद नोंदविला आहे. मुखरोगाचा हा अपवाद विशेष मननीय होय. मुखात शस्त्रकर्म चालू असता वांती झाली तर अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, आणि शामकाने गुंगी आलेल्या रुग्णात तो अनेक पटींनी वाढतो. आज गाढ शामकोपचारापूर्वी व संपूर्ण भुलीपूर्वी पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आणि हलके अन्न सहा तास वर्ज्य करतात, त्यामागे हेच कारण आहे.

आधुनिक भूलशास्त्राचा उदयही दाताशीच निगडित आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. पुढे दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथर देऊन एका रुग्णाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबर रोजी बोस्टन येथील रुग्णालयात ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

औषधाविना उपाय

शामक औषधाचा विचार करण्यापूर्वी भयाची मात्रा जाणून घ्यावी. त्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली चार प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली होती. १९९५ साली हम्फ्रिस व सहकाऱ्यांनी तीत सुईविषयीच्या पाचव्या प्रश्नाची भर घातली. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, प्रतीक्षाकक्षात बसला आहात, दात कोरला जाणार आहे, दात स्वच्छ केले जाणार आहेत, हिरडीत सुई दिली जाणार आहे, अशा पाच प्रसंगी काय वाटते ते विचारून प्रत्येकास एक ते पाच गुण द्यावयाचे असतात. एकूण पाच ते पंचवीस गुणांपैकी एकोणीस वा अधिक गुण तीव्र भय दर्शवितात. हे प्रश्न मराठीत तोंडी विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

मध्यम भय असलेल्या पुष्कळ रुग्णांना औषधाची गरजच पडत नाही. काय होणार आहे ते आधी सांगणे, डावा हात वर केला की काम थांबविले जाईल असा संकेत ठरविणे, सकाळची पहिली वेळ देणे आणि दीर्घ श्वसन करविणे, एवढ्यावर काम भागते. शस्त्रकर्मानंतर शीत जलाने रुग्णास आश्वस्त करावे, असे सुश्रुताचार्य सांगतात. आश्वासन हा उपचाराचाच भाग आहे, हे सूत्र शस्त्रकर्माच्या आधीही तितकेच लागू पडते. भयामुळे येणारी भोवळ हा दंतचिकित्सालयातील सर्वाधिक आढळणारा आकस्मिक प्रसंग आहे. अशा वेळी रुग्णास आडवे करून पाय उंच करणे हा पहिला उपाय होय.

जालंधर बंधाच्या साह्याने दात काढण्याची पद्धत आपल्या काही वैद्यांनी जोपासली आहे. तिच्या परिणामाची उपपत्ती मानेतील रक्तवाहिनीवरील दाबाशी जोडली जाते. नेमक्या त्याच कारणाने वृद्ध, हृद्रोगी आणि पक्षाघाताचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णांत ती वापरू नये. त्या दाबाने हृदयाची गती एकाएकी मंदावू शकते.

शामकोपचाराचे प्रकार

शामकोपचाराच्या सौम्य, मध्यम व गाढ अशा तीन पायऱ्या असून त्यापुढे संपूर्ण भूल येते. या पायऱ्यांमध्ये भिंत नसून उतार आहे. सौम्य शामकासाठी दिलेल्या मात्रेनेही एखादा वृद्ध वा कृश रुग्ण गाढ अवस्थेत घसरू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, शामक भीती घालविते, वेदना घालवीत नाही. म्हणून संपूर्ण भूल वगळता प्रत्येक प्रकारात हिरडीतील स्थानिक भूल द्यावीच लागते. "गोळी घेतली म्हणजे सुई नको," हा रुग्णाचा समज आपण आधीच दूर करावा.

मुखावाटे देण्याच्या शामकांत डायझेपाम वा तत्सम औषध उपचारापूर्वी सुमारे तासभर देतात. हा प्रकार सोपा व स्वस्त असला तरी परिणाम किती होईल ते नेमके सांगता येत नाही आणि परिणाम कमी वाटला म्हणून लगेच दुसरी गोळी देणे धोक्याचे असते. डायझेपामचा शरीरातील अर्धायुकाल वीस ते पन्नास तासांचा, वृद्धांत त्याहूनही अधिक असतो. त्यामुळे रुग्ण दुसऱ्या दिवशीही पूर्ण सावध असेलच असे नाही.

नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे मिश्रण नाकावरील मुखवट्यातून देण्याचा प्रकार सर्वांत सुटसुटीत होय. सामान्यतः तीस ते पन्नास टक्के नायट्रस ऑक्साइड पुरतो आणि प्राणवायू तीस टक्क्यांखाली जाणार नाही अशी योजना यंत्रातच असते. काही मिनिटांत परिणाम होतो, रुग्ण जागा राहून बोलू शकतो आणि शेवटी पाच मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला की बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात. गर्भिणीचे पहिले तीन महिने, नाक बंद असणे, जीर्ण श्वासविकार, नुकतेच झालेले कानाचे वा नेत्रपटलाचे शस्त्रकर्म आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव असता तो टाळतात.

शिरेवाटे मिडाझोलाम थोडे थोडे देत अपेक्षित अवस्था साधणे हा तिसरा प्रकार. यात परिणाम आटोक्यात ठेवता येतो आणि रुग्णाला नंतर प्रसंग फारसा आठवतही नाही. परंतु श्वसन मंदावण्याचा धोका असल्याने पल्स ऑक्सिमीटर, प्राणवायू, फ्लुमाझेनिल हे प्रतिविष आणि केवळ रुग्णावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती यांवाचून तो करू नये. दात काढणाऱ्याने एकट्याने ही दोन्ही कामे करणे सर्वथा अयोग्य होय.

संपूर्ण भूल ही अनेक दात किडलेली लहान मुले, मतिमंदत्व असलेले रुग्ण आणि मोठी शस्त्रकर्मे यांच्यासाठी, भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत व सुसज्ज रुग्णालयातच द्यावयाची असते. लहान मुलाला "शांत राहावे" म्हणून घरूनच झोपेचे सिरप पाजून आणण्याची पद्धत पालकांत आढळते. वाटेत मूल गाढ झोपून मान खाली पडली तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. हे कटाक्षाने टाळावे.

आपली औषधे आणि शामके

वैद्यांनी सर्वाधिक दक्ष राहावे असा हा भाग आहे. रुग्ण दंतवैद्याला "काही औषध चालू नाही" असे सांगतो, कारण आयुर्वेदीय औषध हे त्याच्या लेखी औषधच नसते.

सर्पगंधेचे उदाहरण घेऊ. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातील रेसरपीन पृथक करण्यात आले. या औषधाने रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, सुस्ती येते आणि नाकही चोंदते. शामकाची जोड मिळाल्यास पहिले तीन परिणाम वाढू शकतात, तर नाक चोंदलेल्या रुग्णात नाकावाटे द्यावयाचा वायू निरुपयोगी ठरतो. सर्पगंधेच्या काही कल्पांत पारसिक यवानी व भंगा हीही द्रव्ये असतात. पारसिक यवानीने मुखशोष व नाडीवेग वाढतो. भंगा घेतलेल्या रुग्णात स्थानिक भुलीतील ॲड्रिनलीनमुळे हृदयाची धडधड अधिक काळ टिकू शकते. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहेत, याचे स्मरण असावे.

तगर, जटामांसी, अश्वगंधा यांसारखी निद्राजनक वा मनःशामक द्रव्ये सौम्य असली तरी शामकाच्या गोळीसोबत त्यांची गुंगी मिळविली जाते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून उपचाराच्या दिवशी सारस्वतारिष्ट वा अश्वगंधारिष्ट घेतले असल्यास तेही कळविणे उचित. भय घालविण्यासाठी रुग्णाने स्वतःहून मद्य घेऊन येणे तर सर्वांत घातक. सुश्रुतकाळी दुसरे साधन नव्हते. आज मद्यावर शामक देणे म्हणजे श्वसनावर दुहेरी आघात करणे होय. मात्र दीर्घकाळ चालू असलेले कोणतेही औषध रुग्णाने आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. ते दंतवैद्याशी विचारविनिमय करूनच ठरवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

डायझेपाम, अल्प्राझोलाम, मिडाझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आणि ट्रॅमाडॉल ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ही अनुसूची ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून अमलात आली. या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत चिकित्सकाचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याची मात्रा लिहावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. "उद्या दात काढायचाय, झोपेची एक गोळी द्या," ही मागणी वरवर निरुपद्रवी दिसते. पण त्याच रुग्णाने दातदुखीसाठी कालच ट्रॅमाडॉल नेलेले असू शकते आणि या दोहोंच्या संयोगाने श्वसन मंदावून मृत्यूही संभवतो. अशा ग्राहकाला नुसते परत न पाठविता, "ही गोळी दंतवैद्यच ठरवतील, त्यांना तुमची भीती सांगा," एवढे जरी सांगितले तरी ती मोठी रुग्णसेवा ठरेल.

श्रीपूर परिसरातील विशेष

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे नावारूपास आलेले माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाव आहे. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येथे येतात. त्यांचा दात दुखला तरी खाडा परवडत नाही, आणि हंगाम संपला की पुढील तपासणीसाठी ते येथे नसतात. अशा रुग्णाला शामकाची गोळी सुचविताना तो दुसऱ्या पहाटे हाती कोयता घेणार आहे वा बैलगाडी हाकणार आहे, याचे भान ठेवावे. मुखावाटे वा शिरेवाटे शामक दिल्यावर किमान चोवीस तास कोयता, वाहन व यंत्र वर्ज्य, आणि सोबत एक जबाबदार माणूस अवश्य, हा नियम आहे. तो पाळणे शक्य नसेल तर धीर देऊन केवळ स्थानिक भुलीखाली उपचार करणे, किंवा सोय असेल तेथे वायुरूप शामकाचा आधार घेणे, हेच अधिक सुरक्षित.

दुसरी बाब तंबाखू, मिश्री, सुपारी व गुटख्याची. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी त्याचे परिणाम मुखात शिल्लक आहेत. सुपारीच्या सेवनाने मुखातील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णाचा श्वास शामकामुळे अडलाच, तर श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालावयास सांगावे. ती जात नसतील तर तसे चिठ्ठीत ठळकपणे लिहावे.

दंतवैद्याकडे रुग्ण पाठविताना चिठ्ठीत वय, वजन, मधुमेह, रक्तदाब, श्वास, हृद्रोग वा गर्भावस्था, आधुनिक व आयुर्वेदीय अशी चालू असलेली सर्व औषधे, व्यसने, पूर्वी भुलीचा त्रास झाला असल्यास तो, तोंड किती उघडते आणि भयाची मात्रा एवढ्या बाबी असाव्यात. अर्ध्या पानाची ही चिठ्ठी पुष्कळ अनर्थ टाळू शकते.

मर्यादा आणि समारोप

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे अधिसूचित केली. त्यांपैकी शालाक्याच्या १९ कर्मांत दात काढणे व रूट कॅनाल यांचा समावेश आहे. त्यावरून देशभर वाद झाला, आणि तो आपण सर्वांनी पाहिला. दात काढण्याची अनुज्ञा आणि रुग्णाला शामक देण्याची पात्रता या भिन्न गोष्टी आहेत, असे आम्हांस निःसंदिग्धपणे नमूद करावेसे वाटते. श्वास थांबला तर तो चालू ठेवण्याचे प्रशिक्षण व साधने ज्याच्यापाशी आहेत, त्यानेच शामक द्यावे. ही कसोटी कोणत्याही पॅथीच्या चिकित्सकाला सारखीच लागू आहे.

ही मर्यादा स्वीकारल्याने वैद्याचे महत्त्व कमी होत नाही. रुग्णाचे सत्त्व ओळखणे, डोळा जाण्याची भीती ग्रंथाच्या आधारे दूर करणे, आपल्या औषधांची खरी माहिती पुढे पोहोचविणे आणि वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे, ही कामे वैद्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकत नाही. आपल्या भागातील दंतवैद्य व भूलतज्ज्ञ यांच्याशी परिचय ठेवून, कोणाकडे कोणती सोय आहे याची यादी प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयात लावावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.